आत राहून भांडायचं की बाहेर पडायचं? १९४८ चं भांडण आणि तुमची सॅलरी स्लिप

ऐकता ऐकता एक छोटं काम करा. फोनवर तुमची मागच्या महिन्याची सॅलरी स्लिप उघडा. पीएफच्या आसपास 'प्रोफेशन टॅक्स' अशी एक ओळ दिसेल. महाराष्ट्रात नोकरी करत असाल तर बहुतेकांचे २०० रुपये कापलेले असतील, आणि फेब्रुवारीची स्लिप असेल तर ३००. माझी पहिली नोकरी लागली तेव्हा मी हे कशाचे म्हणून विचारलं होतं. उत्तर मिळालं, "सगळ्यांचेच कापतात." विषय संपला. मीही पुढे सहा वर्षं विचारलं नाही.

हा कर महाराष्ट्राने १९७५ साली लावला. कशासाठी, तर खेड्यातल्या मजुराला मागेल तेव्हा काम देता यावं म्हणून, रोजगार हमी योजनेसाठी. शहरातल्या पगारदाराच्या खिशातून थोडे पैसे घ्यायचे आणि दुष्काळी तालुक्यातल्या माणसाच्या हाताला काम द्यायचं. एवढी उघड डावी कल्पना आणि ती राबवली काँग्रेसच्या सरकारने. असं कसं झालं, हे शोधायला बसलो आणि मागे जात जात १९४८ ला पोहोचलो.

त्या वर्षी एक प्रश्न अनेक शहाण्या माणसांसमोर एकदम उभा राहिला. आपला पक्ष मोठा आहे, सत्तेत आहे, पण आपल्याला हवा तसा नाही. मग आत राहून तो बदलायचा, की बाहेर पडून आपला वेगळा काढायचा? आमच्या धंद्यात याला फोर्क म्हणतात. मूळ कोड पटत नाही, बदल सुचवले तर कोणी घेत नाही, मग सगळी कॉपी उचलायची आणि आपलं वेगळं दुकान थाटायचं. फोर्क करायला एक मिनिट लागतं. लोक तुमच्या मागे येतात का, हे कळायला वर्षं जातात.

आधी समाजवाद्यांकडे जाऊ. गोष्ट सुरू होते नाशिकरोडच्या जेलमध्ये. १९३२-३३ चा काळ, सविनय कायदेभंगात पकडलेली तरुण पोरं आत. जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता, ना. ग. गोरे, एस. एम. जोशी. बहुतेक सगळे आज तुमच्या-माझ्या वयाचे. आत बसून वाचणं आणि वाद घालणं एवढंच काम. त्या वादांतून १९३४ मध्ये 'काँग्रेस समाजवादी पक्ष' उभा राहिला. नाव नीट बघा. पक्ष आहे, पण काँग्रेसच्या आत. मोठ्या घरात राहायचं, पण आपली खोली वेगळी, तिला आपला रंग. चौदा वर्षं हे चाललं. नेहरूंची सहानुभूती होती. वल्लभभाईंना हा प्रकार कधीच आवडला नाही.

स्वातंत्र्य आलं आणि खोलीचा प्रश्न आला. फेब्रुवारी १९४८ मध्ये काँग्रेसने नियम केला की स्वतःची घटना, स्वतःचे सभासद असलेला दुसरा पक्ष काँग्रेसच्या आत राहू शकणार नाही. म्हणजे बघा, 'आत की बाहेर' हा प्रश्न आपण नेहमी असा मांडतो की जणू निवड पूर्णपणे आपल्या हातात आहे. इथे दरवाजा आतून कोणीतरी लोटत होतं. खोली मोडून साधे सभासद म्हणून राहा, नाहीतर निघा. मार्चमध्ये समाजवाद्यांनी ठरवलं, निघायचं. आणि हे कुठे ठरलं? पुन्हा नाशिकलाच. जिथे आत राहायचं सुचलं, त्याच गावात बाहेर पडायचं ठरलं.

यानंतर त्यांनी जे केलं ते आज कोणाला खरं वाटणार नाही. उत्तर प्रदेशात आचार्य नरेंद्र देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आमदारकीचे राजीनामे दिले. कारण एवढंच, की आपण काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आलो होतो. पक्ष सोडला तर जागाही सोडायला हवी. कायद्याने भाग पाडलेलं नव्हतं. पक्षांतरबंदी यायला अजून ३७ वर्षं होती. पोटनिवडणूक झाली आणि नरेंद्र देव हरले. समोर काँग्रेसने उभे केले होते बाबा राघवदास, एक साधू, मतदारसंघात अयोध्या. मागच्या काही वर्षांत आपल्याकडे आमदारांनी काय काय केलं ते आपण मोबाइलवर लाइव्ह पाहिलंय, त्यामुळे मला त्या राजीनाम्यांबद्दल आदर आहे. पण राजकारण म्हणून ते महागात पडलं, हेही खरं. पहिल्याच दिवशी विधिमंडळातलं सगळं भांडवल सोडून ते रस्त्यावर आले.

खरा धक्का १९५२ ला. पहिली सार्वत्रिक निवडणूक, लोकसभेच्या ४८९ जागा. समाजवादी पक्षाला देशभरात १० टक्क्यांहून जास्त मतं पडली. मतांच्या हिशोबाने काँग्रेसनंतर दुसरा नंबर. जागा किती? १२. कम्युनिस्टांना मतं फक्त ३ टक्क्यांच्या आसपास, आणि जागा १६. काँग्रेसला ४५ टक्के मतं आणि ३६४ जागा. पुन्हा ऐका हवं तर. तिप्पट मतं असलेल्या पक्षाच्या जागा कमी आल्या.

कारण साधं आहे. आपल्याकडे मतदारसंघात जो पहिला येतो तो सगळं घेऊन जातो. दुसऱ्याला शून्य. समाजवाद्यांनी अडीचशेवर जागा लढवल्या आणि त्यांची मतं देशभर पातळ पसरली. सगळीकडे थोडी थोडी, जिंकण्यापुरती फार कमी ठिकाणी. कम्युनिस्टांनी पन्नासच्या आत जागा लढवल्या, आणि त्यांची मतं मद्रास राज्यात आणि पश्चिम बंगालमध्ये घट्ट होती. चहाच्या एका कपात टाकलेली चमचाभर साखर आणि बादलीभर पाण्यात टाकलेली तीन चमचे, यातला फरक.

इथे एक मिनिट अमेरिकेत जाऊ, कारण 'पुरोगाम्यांनी तिसरा पक्ष काढावा का' हा वाद तिथे आजही दर चार वर्षांनी पेटतो, आणि १९४८ सालीच तिथे याचा जवळजवळ प्रयोगशाळेतला प्रयोग झाला. डेमोक्रॅटिक पक्षातून दोघं बाहेर पडले. एक हेन्री वॉलेस, माजी उपराष्ट्राध्यक्ष. त्यांनी डावीकडे प्रोग्रेसिव्ह पार्टी काढली. दुसरे स्ट्रॉम थर्मंड, वर्णभेद टिकवायला निघालेले दक्षिणेतले गव्हर्नर. दोघांनाही देशभरात प्रत्येकी ११ लाखांहून थोडी जास्त मतं पडली, जवळपास सारखीच. थर्मंडची मतं दक्षिणेत एकवटलेली, म्हणून त्यांनी चार राज्यं जिंकली आणि त्यांना इलेक्टोरल कॉलेजची ३९ मतं मिळाली. वॉलेसना शून्य. ज्याचा विचार जास्त माणुसकीचा होता, त्याच्या हातात काहीच आलं नाही. मोजणीच्या यंत्राला विचार कळत नाही, पत्ता कळतो. चला, परत घरी.

महाराष्ट्रातली गोष्ट समाजवाद्यांपेक्षा वेगळी होती, कारण इथे बाहेर पडणाऱ्यांकडे पत्ता होता. केशवराव जेधे हे नाव पुण्यात रस्त्याला आणि चौकाला आहे, त्यामुळे आपण त्यावरून रोज जातो आणि माणूस विसरतो. स्वारगेटचा जेधे चौक, तेच हे. ब्राह्मणेतर चळवळीतला पुण्यातला तरुण, काँग्रेसला भटा-शेटजींचा पक्ष समजणाऱ्या परंपरेतला. १९३० च्या सुमाराला हाच माणूस काकासाहेब गाडगीळांच्या जोडीने काँग्रेसमध्ये आला आणि त्याच्यामागे खेड्यापाड्यातला बहुजन समाज आला. महाराष्ट्रात काँग्रेस गावात पोहोचली ती बऱ्याच अंशी या जोडीमुळे.

म्हणजे जेध्यांनी 'आत जाऊन बदलू' हा मार्ग आधी वापरून पाहिला होता. पंधरा-सोळा वर्षं. आणि १९४६ ला सत्ता आल्यावर दिसलं काय? बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ, शंकरराव देवांच्या हाती प्रदेश काँग्रेस, आणि ज्या शेतकऱ्यांच्या जोरावर पक्ष गावात उभा राहिला त्यांची माणसं निर्णयाच्या टेबलावर जवळजवळ नाहीत. जेधे, शंकरराव मोरे आणि त्यांच्या साथीदारांनी १९४७ मध्ये आधी काँग्रेसच्या आतच शेतकरी कामकरी संघ काढला. पुन्हा तीच खोली. पुन्हा तोच नियम आडवा आला. १९४८ मध्ये ते बाहेर पडले, आणि शेतकरी कामगार पक्ष स्वतंत्रपणे उभा राहिला. शेकाप. ज्यांनी रायगडात किंवा सांगोल्यात बालपण काढलंय त्यांना लाल बावटा वेगळा सांगायला नको.

सातारा जिल्ह्यातला एक पस्तिशीचा आमदार या गटाच्या विचाराने जवळचा होता. शेतकऱ्याचा पोरगा, बेचाळीसच्या लढ्यात भूमिगत राहिलेला, जेलमध्ये मार्क्स आणि रॉय वाचलेला. तो बाहेर पडेल असं अनेकांना वाटत होतं. तो पडला नाही. तेव्हा मोरारजी देसाईंच्या गृहखात्यात संसदीय सचिव होता, तिथेच राहिला. नाव यशवंतराव चव्हाण.

शेकापवाले त्यांना काय म्हणाले असतील याची कल्पना करायला फार डोकं लागत नाही. खुर्ची सोडवत नाही, हेच. आणि सुरुवातीला तसं दिसतही होतं.

पण बाहेर पडलेल्यांचं तरी काय झालं? १९५० मध्ये शेकापने नाशिक जिल्ह्यातल्या दाभाडीला आपला जाहीरनामा मंजूर केला. दाभाडी प्रबंध म्हणतात त्याला. पक्ष उघडपणे मार्क्सवादी झाला. आता विचार करा, ज्या पक्षाचा पाया जमीन असलेला मराठा शेतकरी, त्याने कामगारवर्गाच्या क्रांतीची भाषा स्वीकारली. आतल्या आत फाटाफूट सुरू झाली. दत्ता देशमुख वेगळे झाले. १९५२ ला मुंबई राज्याच्या विधानसभेत ३१५ पैकी काँग्रेसला २६९ जागा, शेकापला १४. आणि दोनच वर्षांनी, १९५४ मध्ये, खुद्द जेधे काँग्रेसमध्ये परतले. पुढे शंकरराव मोरेही परतले, १९६२ मध्ये ते पुण्यातून काँग्रेसचे खासदार झाले.

इथे थांबलो तर गोष्ट सोपी होते. आत राहिला तो जिंकला, बाहेर गेला तो हरला. कॉलेजात असताना मी ही गोष्ट अशीच ऐकली होती आणि कित्येक वर्षं तशीच सांगतही होतो. ती चुकीची आहे असं मला आता वाटतं, आणि त्याचं कारण १९५७.

मधल्या काळात संयुक्त महाराष्ट्राचं वादळ आलं. भाषावार राज्यं झाली, पण मुंबईसह मराठी राज्य द्यायला दिल्ली तयार नाही. फेब्रुवारी १९५६ मध्ये पुण्यात समिती स्थापन झाली तेव्हा अध्यक्षस्थानी जेधे होते, काँग्रेसमध्ये परतलेले जेधे! समितीत शेकाप, समाजवादी, कम्युनिस्ट, आंबेडकरांचा फेडरेशन असे एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे सगळे एकत्र आले. समाजवाद्यांकडून एस. एम. जोशी, तेच नाशिकरोड जेलवाले. आणि यशवंतराव कुठे? त्यांनी जाहीरपणे सांगितलं होतं की संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांत निवडायची वेळ आली तर मी नेहरूंना निवडेन. शंभराहून जास्त माणसं गोळीबारात गेली. लोकांनी यशवंतरावांना सूर्याजी पिसाळ म्हटलं. त्यातच नोव्हेंबर १९५६ मध्ये ते द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. आत राहण्याची किंमत काय असते, हे यापेक्षा स्पष्ट मला कुठे दिसलेलं नाही. आपल्याच लोकांकडून शिवी खायची, आणि ती सर्वस्वी अन्यायाची आहे असंही म्हणता येत नाही.

१९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेस भुईसपाट झाली. गुजरात, विदर्भ, मराठवाड्याच्या जागांवर सरकार तरलं. खुद्द मुख्यमंत्री कराडमध्ये थोडक्या मतांनी वाचले, आणि समोर उमेदवार होता शेकापचा.

माझ्या मते, महाराष्ट्राच्या बाबतीत यशवंतरावांचं खरं वजन त्या दिवसापासून सुरू होतं. त्याआधी ते दिल्लीला काय सांगणार होते? आता त्यांच्या हातात आकडे होते. हे राज्य असं चालवलं तर पुढच्या निवडणुकीत आपण संपलो. १९५९ मध्ये इंदिरा गांधी काँग्रेस अध्यक्ष असताना दिल्लीचं मन वळलं आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. मंगलकलश यशवंतरावांनी आणला असं म्हणतात. मला विचाराल तर कलश त्यांनी उचलला, भरला होता समितीने. आणि हेही तितकंच खरं की समितीतलं कोणी तो उचलू शकलं नसतं, कारण दिल्लीच्या त्या खोलीत त्यांच्यापैकी कोणालाच प्रवेश नव्हता.

राज्य मिळाल्यावर समितीला जोडणारा दोरा तुटला. यशवंतरावांनी मग शांतपणे बेरीज सुरू केली. यशवंतराव मोहित्यांसारखे शेकापचे आमदार काँग्रेसमध्ये आले, मंत्री झाले. १९६० च्या बारामती पोटनिवडणुकीचा किस्सा तर पटकथेत लिहिला तर कोणी विश्वास ठेवणार नाही. जेध्यांच्या निधनाने जागा रिकामी झालेली. काँग्रेसचे उमेदवार गुलाबराव जेधे, म्हणजे शेकाप काढणाऱ्या केशवरावांचा मुलगा. शेकापचे उमेदवार वसंतराव पवार. आणि वसंतरावांचा धाकटा भाऊ कॉलेजात शिकणारा, काँग्रेसचा कार्यकर्ता, सख्ख्या भावाच्या विरोधात प्रचार करत फिरला. भाऊ हरला. त्या धाकट्याचं नाव शरद. आत-बाहेरचा वाद काही घरांत एकाच ताटात जेवत होता.

या बेरजेत काय मिळालं, काय गेलं? १९६१ मध्ये जमीन कमाल धारणेचा कायदा आला, १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या, साखर कारखान्यांना सरकारचं पाठबळ मिळालं. १९४७ मध्ये जेधे-मोरे मागत होते ती सत्ता गावात आली. फक्त ती गावातल्या कोणाकडे आली, हा प्रश्न उरला. बागायतदाराकडे आली. भूमिहीन मजूर होता तिथेच राहिला, आणि त्याच्यासाठी आतले लोक फार घाईत नव्हते.

तो दिसला १९७२ च्या दुष्काळात. विहिरी आटल्या, जनावरं विकली. सरकारने दुष्काळी कामं काढली आणि मे १९७३ मध्ये जवळपास ५० लाख माणसं त्या कामांवर होती. खडी फोडणं, नालाबंडिंग, पाझर तलाव. खायला मिलो आणि सुकडी. शेकाप, लाल निशाण, समाजवादी, कम्युनिस्ट यांनी मजुरांचे मोर्चे काढले की काम ही भीक नको, हक्क म्हणून द्या. विधानसभेत हेच लोक बोलत होते. शेकापच्या जागा मोजक्याच, पण घट्ट. सांगोल्याचे गणपतराव देशमुख १९६२ ला पहिल्यांदा निवडून आले आणि एकूण अकरा वेळा त्याच मतदारसंघातून, त्याच पक्षातून आले. पुन्हा तोच पत्ता.

आणि काँग्रेसच्या आत एक माणूस होता, वि. स. पागे, विधान परिषदेचे सभापती. त्यांनी १९६५ मध्येच तासगाव तालुक्यात मागेल त्याला काम देण्याचा छोटा प्रयोग करून पाहिला होता. म्हणजे बदल लिहून तयार होता, मंजूर करणारं कोणी नव्हतं. बाहेरचा दाब आला तेव्हा फायलीतून काढायला कागद हजर होता. १९७५ ला तुमचा प्रोफेशन टॅक्स लागला, १९७७ ला रोजगार हमीचा कायदा विधिमंडळात एकमताने मंजूर झाला, २६ जानेवारी १९७९ ला लागू झाला. २००५ मध्ये देशभराचा कायदा झाला तेव्हा डोळ्यासमोर हाच नमुना होता.

आमचं गाव सांगोल्याकडचं. आजोबा आयुष्यभर लाल बावट्याचे, आणि त्यांचे चुलतभाऊ, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, पक्के काँग्रेसचे. दिवाळीला सगळे जमले की फराळ संपायच्या आत भांडण ठरलेलं. आजोबा म्हणायचे, रोजगार हमी आमच्या मोर्चाने आली. तात्या म्हणायचे, मोर्चाने कायदा होतो काय, कायदा पागेसाहेबांनी केला. दोघं तावातावाने भांडायचे आणि आम्ही पोरं चकल्या खात ऐकायचो. दोघंही आता नाहीत. हा भाग लिहिताना मी आजीला फोन केला आणि विचारलं की तुझ्या मते कोणाचं बरोबर होतं. ती म्हणाली, मला काय ठाऊक, पण त्र्याहत्तर साली दोघं एकाच केंद्रावर खडी फोडत होते आणि हजेरीच्या मस्टरवर दोघांची नावं वर-खाली होती. मग तिने विचारलं, तुला आता पगार किती आहे आणि पोटभर जेवतोस का.